वाजून झाल्यावर : प्रस्तावना

तुळशीचं लग्न आटोपलं की पुढच्या दोन-चार दिवसांत नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या पायरीवर कोणीतरी काळी पेटी मांडीवर घेऊन बसलेलं असतं. गेल्या तीसेक वर्षांची ही रीत आहे. पेटीत क्लॅरिनेट असतं आणि येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘काल काढलं, तर वाजूनच नाही राह्यलं.’ मी पेटी उघडतो. आधी वास येतो, ओल्या फडक्याचा आणि बुरशीचा. ते फडकं आतच असतं, आषाढात वाद्य पुसून घडी घालून ठेवलेलं. मग दिसतो माऊथपीस. शेवटच्या वरातीत लावलेली रीड त्यावर अजून तशीच आवळलेली, टोकाला करडे ठिपके, काठ पापडासारखा लहरी. पट्टा सैल करून रीड काढायला जावं तर ती सुटत नाही, चिकटलेली असते. आणि सुटली की खाली पाटावर पांढरट थर, माठाच्या बुडाला बसतो तसा.

पेटीचा मालक हे सगळं माझ्याबरोबर बघत असतो आणि त्याला खरंच आश्चर्य वाटत असतं. वैशाखात हेच वाद्य पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, धुळीत, जनरेटरच्या धुरात रोज पाच-पाच तास वाजत होतं. तेव्हा त्याला काही झालं नाही. चार महिने ते पेटीत सुखानं झोपलं आणि उठलं ते आजारी.

मला ज्यांनी हे वाद्य शिकवलं ते मास्तर चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. बोलायला तसे कंजूष. पण पेटी बंद करताना एक वाक्य हमखास बोलायचे : ‘बाबू, हे वाजवल्यानं नाही मरत. ठेवल्यानं मरते.’ ही पुस्तिका म्हणजे त्या वाक्याची फोड आहे. क्लॅरिनेट कसं वाजवावं याचं एक अक्षर इथे नाही. वाजवणं थांबल्या क्षणापासून पुन्हा ओठांना लागेपर्यंत माऊथपीस आणि रीड यांचं काय करावं, एवढाच विषय. एवढ्याशा गोष्टीला पुस्तिका कशाला आणि पुस्तिकेला एवढी लांब प्रस्तावना कशाला, असं कोणी विचारलं तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पायरीवर बसलेलं आहे. दुसऱ्याचं उत्तर असं की नियम पाठ होतात आणि विसरले जातात. कारण कळलं की हात आपोआप तसा वळतो. नियम आत पानोपानी आहेत. इथे कारणं सांगतो.

ज्यांनी क्लॅरिनेट फक्त वरातीत लांबून पाहिलं आहे त्यांच्यासाठी थोडं. काळी लांब नळी, तिच्यावर चकचकीत चाव्या, खाली कर्णा. पण आवाज जन्मतो तो वरच्या चोचीत. या चोचीला माऊथपीस म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला एक सपाट पाट असतो, पाटाच्या पुढे लांबट खिडकी. त्या खिडकीवर झाकणासारखी रीड बसते आणि लिगेचर नावाच्या पट्ट्यानं आवळली जाते. रीड साधारण ६७ मिलिमीटर लांब, टोकाला १३ मिलिमीटर रुंद. बुडाशी ती जाड असते आणि टोकाकडे तासत नेत जवळजवळ कागदाइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी पातळ केलेली असते. माऊथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांच्यात फट राहते मिलिमीटरभर, फार तर किंचित जास्त. फुंकर गेली की रीड ही फट उघडते-मिटते. मध्य सप्तकातला ४४० कंपनांचा स्वर लावलात तर एका सेकंदात ४४० वेळा. हा सगळा व्यवहार त्या मिलिमीटरभर जागेत चालतो. म्हणून तिथला केसभर फरकही कानाला कळतो. माऊथपीसच्या टोकाचा कपचा उडाला, रीडचा एक कोपरा उचलला गेला की वाद्य चिरकतं. भर मांडवात चिरकलेलं क्लॅरिनेट ज्यानं ऐकलं आहे त्याला पुढचं सांगायला नको.

यातली रीड ही वनस्पती आहे हे आपण विसरतो. बोरूच्या लेखण्या ज्या प्रकारच्या नळगवतापासून करत त्याच नात्यातलं, पण अंगापिंडानं थोराड असं एक गवत आहे. भूमध्य समुद्राकाठी ते वाढतं आणि दक्षिण फ्रान्सचा व्हार हा प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. दोन वर्षांचे नळ हिवाळ्यात कापतात, उन्हात सोनेरी होईपर्यंत वाळवतात, मग चिरून तासतात. पॅरिसच्या ऑपेरातले क्लॅरिनेटवादक यूजीन व्हॅन डोरेन यांनी १९०५ साली अशा रीड करायला घेतल्या. आज नागपुरातल्या वाद्यांच्या दुकानात मिळणाऱ्या निळ्या डबीवर त्यांचंच नाव असतं. डबीत दहा रीड. त्यातल्या तीन-चार उत्तम, तीन-चार बऱ्या, बाकीच्या नशिबाच्या. गवताचं पीक आहे, एकसारखं कसं येईल?

वाळलेलं गवत पाणी पितं आणि फुगतं, पाणी सोडतं आणि आकसतं. रीडचं सगळं आयुष्य हेच. ओठांत धरली की ती लाळेनं भिजते, तशी भिजायलाच हवी. कोरडी रीड नीट वाजत नाही. घोळ होतो तो वाळताना. बूड जाड, टोक पातळ; टोक आधी वाळतं. वरची बाजू मोकळी, खालची माऊथपीसला चिकटलेली. वरची आधी वाळते. एकाच लाकडाच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेगानं आकसल्या की ते वाकतं, हे कुठल्याही सुताराला विचारा. रीड माऊथपीसवर आवळलेली राहिली तर ती त्या वाकाच्याच अंगानं वाळते आणि पुढे सरळ होत नाही. त्यात खालच्या बाजूला कोंडलेली लाळ. तिच्यातलं पाणी उडून जातं, क्षार आणि साखर मागे राहतात. क्षारांचा थर पाटावर बसतो आणि साखरेवर बुरशी वाढते. म्हणून वाजून झाल्यावर रीड काढायची, साध्या पाण्यातून फिरवायची, बुडाकडून टोकाकडे बोटानं निथळवायची आणि सपाट काचेवर ठेवायची. बुडाकडून टोकाकडे. उलटं पुसलंत तर टोकाचे तंतू फडक्यात अडकून निघतील.

हे झालं जगात कुठेही लागू पडणारं. आमची गोष्ट वेगळी आहे, कारण आमची हवा वेगळी आहे.

मे महिन्यात नागपूरची दुपार म्हणजे हवेतून ओल पिळून काढलेली असते. आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास घसरते, कधी त्याहूनही खाली. दोरीवर टाकलेलं धोतर पंधरा मिनिटांत कडक होतं, तिथे कागदाच्या जाडीच्या टोकाची काय कथा. इथवर परदेशी पुस्तकांनाही समजतं. कोरड्या प्रदेशात रीडला ओल द्या असं ती सांगतात. पण त्या पुस्तकांना कुलर ठाऊक नाही. आपण रस्त्यावरून वाजवत मंगल कार्यालयाच्या आत येतो, तिथे खसाच्या ताट्या लावलेले चार कुलर भणभणत असतात आणि हवा ओलीचिंब असते. जेवणाच्या पंगतीला बँडला तासाभराची सुट्टी मिळते. वादक गडी कुलरसमोर वाद्य टेकवून जेवायला बसतो. रीड फुगते. तासानं पुन्हा बाहेर, पुन्हा लू. रीड कडकडीत. दिवसातून चार वेळा हे झालं की कुठलीही रीड हार खाते, आणि वादक म्हणतो, ‘आजकाल रीडच खराब येऊन राहिल्या.’ येतही असतील. पण मी तरी आधी कुलरला दोष देईन.

याचा उपाय फुकटचा आहे आणि तो बऱ्याच जणांच्या पेटीत न वापरता पडलेला असतो. तो म्हणजे टोपण. नव्या वाद्याबरोबर माऊथपीसवर घालायचं एक टोपण येतं, धातूचं नाहीतर प्लास्टिकचं, वर बारीक भोक असलेलं. हे भोक विनाकारण नसतं; त्यातून ओल हळूहळू निघते, एकदम नाही. तासाभराच्या विश्रांतीला, मिरवणुकीत ढोलताशाची पाळी आली म्हणून आपण थांबलो असताना, गर्दीत वाद्य बगलेत धरून चालताना टोपण हवंच. घालताना माऊथपीसच्या पाठीकडून, चोचीच्या उतारावरून सरकवत घालावं; समोरून खुपसलं तर त्याची कड नेमकी रीडच्या टोकावर बसते. रीड जपण्यासाठी केलेल्या टोपणानंच जितक्या रीड फुटल्या आहेत तितक्या क्वचितच दुसऱ्या कशानं फुटल्या असतील. पण टोपण हे थांब्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. रात्री रीड निघालीच पाहिजे. आणि धातूचं टोपण घातलेलं वाद्य उन्हात टेकवून ठेवू नका. आत काय आहे ते आता सांगतो.

माऊथपीस बहुतेक एबोनाइटचा असतो. रबर आणि गंधक एकत्र भाजून केलेला हा कठीण काळा पदार्थ आपल्याकडे पेनांमुळे परिचित आहे. राजमहेंद्रीचं रत्नम पेन एबोनाइटचंच. जुनं एबोनाइटचं पेन खिडकीत राहिलं तर काही वर्षांत ते शेवाळी-तपकिरी होतं, हे ज्यांच्या आजोबांनी पेनं जपली त्यांनी पाहिलं असेल. सूर्यप्रकाशानं त्याच्या पृष्ठभागावरचं गंधक सुटं होऊ लागतं. मग हिरवट झाक, कडवट चव, जळक्या काडीसारखा वास. गरम पाण्यानं हेच काम काही मिनिटांत होतं, आणि उष्णता जास्त असेल तर एबोनाइट मऊ पडून पाटाची पातळीही बिघडते. पाट बिघडला की रीड त्यावर कधीच नीट बसत नाही. दुरुस्ती करणारा पाट घासून सपाट करून देतो, पण घासताना ती मिलिमीटरभर फट बदलते आणि माऊथपीस तुमचा राहत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. सतराव्या वर्षी, आईच्या ‘तोंडात घालतोस, उकळून घे’ या सांगण्यावरून मी माझा पहिला माऊथपीस उकळत्या पाण्यात टाकला होता. पाच मिनिटांनी काढला तेव्हा तो मेंदीच्या पाल्याच्या रंगाचा झाला होता आणि घरभर गंधकाचा वास. मास्तरांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त हातात घेऊन खिडकीकडे धरून त्याच्या कडा बघत राहिले. पुढचे दोन महिने त्यांनी मला स्वतःच्या जुन्या माऊथपीसवर शिकवलं.

म्हणून कोमट पाणीसुद्धा जपून. इथे पुन्हा नागपूर आडवं येतं. परदेशी पुस्तकात लिहिलेलं असतं, नळाच्या पाण्यानं धुवा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं नळाचं पाणी हाताला चटका देतं. माठातलं पाणी घ्यावं. पुसायला जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा मऊ तुकडा. नळीतून दोरीनं ओढायचं फडकं माऊथपीसमधून रोज ओढू नये, त्यानं कडा झिजतात. पांढरा थर बसलाच असेल तर लिंबाचा रस पाण्यात पातळ करून, फक्त चोचीचं टोक काही मिनिटं बुडवून, मऊ ब्रशनं काढता येतो. माऊथपीसच्या बुडाचा कॉर्क भिजू द्यायचा नाही. संत्र्यांच्या गावात राहून लिंबू सुचवतो म्हणून कोणी रागावू नये. संत्र्याच्या रसात साखर असते आणि साखरेचं काय होतं ते वर आलंच आहे.

साखरेवरून खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी : सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला हा ऐवज आमच्याकडे दर दहा पावलांवर मिळतो आणि बँडच्या धंद्यात तर तो पगाराचा भाग असल्यासारखा चालतो. त्याचे शरीरावर होणारे परिणाम डॉक्टरांनी सांगावेत. मी माऊथपीसपुरतं बोलतो. चुन्याचे कण लाळेतून थेट रीडच्या खाली जाऊन बसतात, सुपारीचा भुगा खिडकीच्या कोपऱ्यात अडकतो आणि रीड लालसर-तपकिरी होऊन चिवट पडते. मी साफ केलेल्या माऊथपीसपैकी कोणता खर्रा खाणाऱ्याचा हे मला न सांगता ओळखता येतं. सोडा म्हणून कोणी सोडत नाही. निदान वाजवण्यापूर्वी चूळ भरा. गोड चहानंतरही.

हे वाद्य इथे कुठून आलं हे थोडक्यात सांगायला हवं, कारण सवयी वाद्याबरोबरच आल्या. क्लॅरिनेटचा जन्म १७०० च्या सुमाराचा, न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांच्या कारखान्यातला. सुरुवातीच्या काळात रीड दोऱ्यानं बांधत. जर्मन परंपरेतले काही वादक आजही दोराच गुंडाळतात आणि त्यानं आवाज गोड होतो असं शपथेवर सांगतात. धातूचा स्क्रूवाला पट्टा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इवान म्युलर यांनी रूढ केला. आपल्याकडे हे वाद्य आलं पलटणींबरोबर. नागपूरच्या शेजारी कामठीची छावणी १८२१ पासूनची. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. पलटणीचे बँड पाहून, त्यांतून बाहेर पडलेल्यांकडून शिकून देशभर लग्नाचे बँड उभे राहिले. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्यं घडू लागली; तिथली नादिर अली कंपनी १८८५ सालची. त्याच १८८५ सालापासून नागपुरात पिवळी मारबत, म्हणजे पुतळ्याची मिरवणूक, निघते असं सांगतात. या दोन गोष्टींचा संबंध नाही, पण मारबतीच्या मिरवणुकीत मेरठची वाद्यं वाजताना मला तो जुळवावासा वाटतो. पुढे ग्रामोफोन आला, मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घराघरांत गेल्या आणि बँडवाल्यांना त्यांचा आदर्श मिळाला. मास्तर या तबकड्या ऐकून शिकले होते, स्वरलिपी त्यांना येत नव्हती. नागपुरात या वाद्याला एक संस्कृत नावही आहे : संघाच्या घोषपथकात क्लॅरिनेटला स्वरद म्हणतात. नाव कोणतंही घ्या, रीड तीच.

पलटणीबरोबर वाद्य आलं तशी पेटीही आली, आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे. आपली सनई पाहा. तिच्या पत्त्या नरकटाच्या, म्हणजे नळगवताच्याच. पण सनईवाला त्या लपवत नाही. जादा पत्त्या आणि पत्ती मोकळी करायची सुई हे सगळं दोऱ्यानं वाद्यालाच लटकलेलं असतं, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरासारखं. पत्ती सतत डोळ्यांसमोर, हवेत, बोटांखाली. तिची काळजी घेणं हे वाजवण्यातच येतं. क्लॅरिनेटला मखमली अस्तराची पेटी मिळाली. पेटीचं झाकण लागलं की वाद्य ठेवलं गेलं असं मन समजतं. आत ओलं फडकं आहे, रीड आवळलेली आहे, माऊथपीस खालच्या आखूड नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, घट्ट बसवलेलाच आहे आणि त्यानं कॉर्क दबून सैल होतोय, हे झाकणाबाहेरून दिसत नाही. चांगली पेटी निष्काळजीपणाला फार सोयीची असते.

आणि मग चातुर्मास. आषाढीला लग्नं थांबतात, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. मध्ये तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबती, मग गणपती, नवरात्र. म्हणजे काहींचं वाद्य अगदीच मुकं नसतं, पण आषाढ-श्रावणाचे दीड-दोन महिने तरी पेटी उघडत नाही. नेमक्या याच महिन्यांत नागपूरच्या हवेत ओल ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते. वैशाखात कडकडीत झालेली रीड आता पाणी ओढते, बुरशीला अंधार आणि ओल दोन्ही आयतं मिळतं. वाद्य सगळ्यात जास्त वेळ बंद राहतं ते वर्षातल्या सगळ्यात ओल्या काळात. कोणी ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. वारंवार विचारतात म्हणून सांगतो : पेटीत डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्या विषारी आहेत, त्यांचा वास एबोनाइटला आणि रीडला लागतो, आणि ही वस्तू तुम्ही तोंडात घालणार आहात. कडुलिंबाचा पाला धान्याच्या कोठीत ठीक. पेटीत तो स्वतःच ओल सोडतो. आठवड्यातून एकदा पेटी पंख्याखाली तासभर उघडी ठेवा, उन्हात नव्हे. जमलं तर दहा मिनिटं वाजवा. सगळ्यात चांगली राखण तीच.

सगळ्यात लांब चातुर्मास आला तो २०२० साली. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि ऐन लग्नसराईत बँडच्या पेट्या बंद झाल्या. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ गेले. गणपती मिरवणुकीविना गेले. पुढच्या वर्षीचा उन्हाळाही हातातून गेला. वादक भाजीच्या गाड्या लावत होते, रंगकाम करत होते. पेटी उघडून बघायची कोणाची हिंमत नव्हती, कारण उघडली की वाजवावंसं वाटतं आणि वाजवून करायचं काय? त्यानंतर माझ्या पायरीवर ज्या पेट्या आल्या तशा मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. एका पेटीत झुरळांनी कॉर्क संपूर्ण खाल्ला होता. एका माऊथपीसवरची रीड काढताना तिचा भुगा झाला. एक गृहस्थ मात्र आले, पेटी स्वच्छ, रीड काचेवर सपाट, माऊथपीस वेगळा मऊ फडक्यात. वाद्याला काहीच झालं नव्हतं. मी विचारलं, मग आणलंत कशाला? म्हणाले, ‘दोन वर्षं झाली, कोणाला तरी दाखवावं वाटलं.’ ही पुस्तिका लिहायचं त्या दिवशी नक्की झालं.

काही गोष्टींवर वाचकांशी माझं जमणार नाही हे आधीच कबूल करतो. विकत मिळणाऱ्या, आर्द्रता राखणाऱ्या पुड्या घातलेल्या रीडपेट्या उत्तम असतात. मी त्या वापरून पाहिल्या आहेत. ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्याव्यात. पण ज्याचा महिन्याचा हिशेब मुहूर्तांवर चालतो त्याला अशा पेटीवाचून रीड टिकणार नाही असं सांगणं मला अन्याय वाटतो, आणि ते खरंही नाही. काचेचा तुकडा, रबर बँड आणि रोजची पाच मिनिटं यांत नव्वद टक्के काम होतं. दुसरं, प्लास्टिकच्या कृत्रिम रीड. त्या वाळत नाहीत, वाकत नाहीत, पावसात वाजतात. नव्या पोरांना त्या आवडतात आणि रस्त्यावरच्या बँडला त्या सोयीच्याही आहेत. मला त्यांचा आवाज पातळ वाटतो, पण माझे कान जुने झाले आहेत हेही खरं. तिसरं, एकच रीड लागोपाठ वाजवून संपवायची ही आपल्याकडची पद्धत. चार रीड आळीपाळीनं वापरल्या तर चारही जास्त टिकतात, कारण प्रत्येकीला नीट वाळायला दिवस मिळतात. हे मी पन्नास जणांना सांगितलं असेल. ऐकलं तिघांनी.

शाळेच्या बँडपथकांसाठी आत वेगळं प्रकरण आहे. एकच माऊथपीस चार मुलं वापरतात तिथे प्रश्न रीडपेक्षा मुलांच्या आरोग्याचा असतो. लाकडी क्लॅरिनेटला उन्हाळ्यात तडे जाऊ नयेत म्हणून काय करावं, याचंही एक छोटं प्रकरण आहे. ते लवकर संपतं, कारण आमच्याकडे लाकडी वाद्यं थोडी. चाव्या, गाद्या, स्प्रिंगा यांबद्दल काही नाही. ते दुसऱ्या कोणीतरी लिहावं.

मास्तर गेल्यावर त्यांचं वाद्य घरच्यांनी ठेवून घेतलं. मला त्यांची रीडची डबी मिळाली. डबी म्हणजे शाळकरी मुलाची पत्र्याची कंपासपेटी, वरचा रंग पार उडालेला. आत सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या. सायन्स कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याकडून मागून घेतलेल्या असणार. त्यांच्यावर रबर बँडनं धरलेल्या चार रीड. प्रत्येकीच्या बुडाशी पेन्सिलीनं आकडा, एक ते चार. मी त्या एकेक भिजवून वाजवल्या. एक, दोन आणि तीन अजून बोलत होत्या. चौथीचा कोपरा उडालेला, ती नुसती चिरकत होती, आणि आकड्याच्या पुढे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : मारबत.